रुग्णालयातल्या फार्मासिस्टांची संघटना: सभासद होऊन नेमकं काय करायचं?

पहाटपाळी

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात फार्मासिस्ट म्हणून काम करते आहे. आम्ही एकूण तिघं. एक खरेदी आणि साठा बघतो, दोघं आळीपाळीने डिस्पेन्सिंग. वॉर्डात जायला वेळ मिळाला तर तो दिवस चांगला म्हणायचा.

आमच्या जुन्या सरांनी परवा रुग्णालयीन फार्मासिस्टांच्या संघटनेचा सभासदत्वाचा अर्ज हातात दिला आणि म्हणाले, "भर आणि कामाला लाग." पत्रकात वाचलं तर व्याख्यानं, वार्षिक अधिवेशन, नियतकालिक, उपसमित्या, पारितोषिकं असं सगळं आहे. पण यातलं माझ्यासारखीने काय करावं हे कळेना.

विचारायचं खरं कारण वेगळं आहे. मागच्या महिन्यात रजेवरून आले, एका वॉर्डातला ट्रे तपासला, तर स्टराइल वॉटरच्या कप्प्यात पोटॅशियम क्लोराइडचे दोन अँप्यूल निघाले. आकार तोच, प्लास्टिक तेच, लेबलची छपाईही जवळपास तशीच. कुठल्याही रुग्णाला दिलं गेलं नव्हतं. मी ते उचलले, सिस्टरना दाखवले, वरिष्ठांना सांगितलं. "बरं झालं सापडलं" म्हणाले आणि विषय संपला. मला मात्र दोन रात्री झोप लागली नाही. हे सांगायचं कुणाला? जे हे काम करतात, ज्यांना यातली भीती न समजावता कळते, असं माझ्या इमारतीत माझ्याशिवाय दोघंच, आणि ते दोघंही माझ्याइतकेच दमलेले.

संघटनेत अशी जागा असते का? अनुभव असलेल्यांनी सांगा.

जुना सभासद

पहाटपाळीताई, असते. अर्ज भरा. मग व्याख्यानं आणि पारितोषिकं बाजूला ठेवून थेट औषध सुरक्षा उपसमितीत नाव द्या.

तुमच्या ट्रेमध्ये जे सापडलं त्याला मोठा इतिहास आहे. तीव्र पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेतून गेलं तर हृदय थांबतं. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने गंभीर घटनांबद्दल इशारे काढायला 1998 मध्ये सुरुवात केली. त्यातला अगदी पहिला इशारा याच औषधाचा होता. सांगणं साधं होतं: तीव्र द्रावण वॉर्डात ठेवूच नका. हे सुचायला फार मोठी बुद्धी लागत नाही. पण त्यासाठी आधी कुणीतरी बऱ्याच रुग्णालयांमधल्या घटना एका टेबलावर मांडाव्या लागतात. एका रुग्णालयात घडलं की ते त्या दिवशीच्या कर्मचाऱ्याच्या माथी मारलं जातं. तेच आठ-दहा ठिकाणी सापडलं की दिसतं, दोष अँप्यूलच्या रूपात आहे, कप्प्यांच्या मांडणीत आहे, खरेदीच्या पद्धतीत आहे.

संघटनेचं मुख्य काम मी हेच मानतो. आमच्या उपसमितीत थोडक्यात टळलेल्या चुका येतात. रुग्णालयाचं नाव काढून टाकलेलं असतं, रुग्णाची ओळख काढलेली असते, कर्मचाऱ्याचं नावही नसतं. उरतं ते एवढंच: काय घडलं, कुठल्या टप्प्यावर, कुणी पकडलं, पकडलं नसतं तर काय झालं असतं. महिन्यातून एकदा तासभर बसतो. पहिल्या बैठकीला मी काही बोललोच नाही, नुसता ऐकत होतो. घरी जाताना वाटलं, माझ्या रुग्णालयात जे घडतं ते सगळीकडे घडतं, आणि इतकी वर्षं मी ते एकट्याने सांभाळत होतो.

तुमचे ते दोन अँप्यूल तिथे घेऊन या.

साठा-नोंदवही

+१. धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्याकडेही संघटनेचा अर्ज फिरतो आहे.

दोनदा सोडलेला

वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

दोन वेगवेगळ्या संघटनांचा सभासद होतो, दोन्ही सोडल्या. नावं घेत नाही. एकीत वर्षभरात काय मिळालं, तर वर्गणीची पावती आणि अधिवेशनाचं निमंत्रण. अधिवेशनात पहिल्या सत्रात सत्कार, दुसऱ्या सत्रात एका कंपनीच्या नव्या अँटिबायोटिकवर व्याख्यान, मग जेवण. व्याख्याता चांगला होता, पण सगळ्या स्लाइड कंपनीच्या. रुग्णालयात औषध निवड समितीत बसून निष्पक्ष मत देणं हे माझं काम. त्या दिवशी त्या खुर्चीत बसल्यावर मला फार अस्वस्थ वाटलं.

दुसऱ्या संघटनेत कार्यकारिणी वर्षानुवर्षं तीच. निवडणूक बिनविरोध, कारण अर्ज कधी निघाले हे कुणाला कळतच नसे. उपसमितीत नाव दिलं होतं, एकही बैठक झाली नाही.

पहाटपाळी, तुमची घटना ऐकून पोटात कालवलं. पण संघटना म्हणजे आपोआप आधार, असं समजून जाऊ नका. कुठे जाताय ते आधी तपासा.

जुना सभासद

दोनदा सोडलेला, राग कसला. तुम्ही लिहिलंय ते मीही पाहिलंय, आणि यात तुमची चूक नाही.

सभासद होण्याआधी चार गोष्टी मागाव्यात असं मी नव्या लोकांना सांगतो. मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त. लेखापरीक्षण झालेला जमाखर्च, त्यात कंपन्यांकडून आलेला पैसा वेगळा दाखवलेला आहे का. कार्यक्रमाचे विषय कोण ठरवतं, पैसे देणारा की सभासद. आणि उपसमित्यांनी गेल्या वर्षी हातात धरता येईल असं काय तयार केलं: एखादा तक्ता, सूचनापत्रक, पाहणीचा अहवाल. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. काम करणाऱ्या संघटनेकडे कागद असतात.

हे मागितल्यावर कुणी तोंड वाकडं केलं तर उत्तर मिळालंच.

अतिदक्षता

मी आयसीयूत काम करते. संघटनेचा मला झालेला उपयोग सांगते, कारण तो अगदी एका औषधाशी बांधलेला आहे: व्हँकोमायसिन, गंभीर संसर्गावरचं अँटिबायोटिक.

मी शिकले तेव्हा नियम होता की गंभीर संसर्गात पुढच्या डोसच्या आधीची रक्तपातळी, म्हणजे ट्रफ, 15 ते 20 ठेवायची. 2009 चं मार्गदर्शन तेच सांगत होतं. मी वर्षानुवर्षं ते करत आले. ट्रफ 12 आली की डॉक्टरांना फोन करून डोस वाढवायला सांगायचे आणि आपण नीट काम केलं असं मनापासून वाटायचं. 2020 मध्ये सुधारित मार्गदर्शन आलं. एमआरएसएच्या, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकना न जुमानणाऱ्या जिवाणूच्या, गंभीर संसर्गात नुसत्या ट्रफमागे धावू नका, त्याने मूत्रपिंडाला इजा होते. चोवीस तासांतलं एकूण प्रमाण, म्हणजे एयूसी, 400 ते 600 च्या दरम्यान ठेवा, असं त्यात होतं. हे मार्गदर्शन चार संघटनांनी एकत्र येऊन लिहिलं. त्यातली एक अमेरिकेतल्या रुग्णालयीन फार्मासिस्टांची एएसएचपी, बाकीच्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या, बालरोग संसर्गतज्ज्ञांच्या आणि संसर्गरोगांत काम करणाऱ्या फार्मासिस्टांच्या. म्हणजे डॉक्टर आणि फार्मासिस्ट एकाच कागदावर.

आता मूळ मुद्दा. तो लेख मी एकटीने वाचला असता तर बाजूला ठेवला असता. एयूसी काढायची कशी, नमुने दोन घ्यायचे की एक, संगणकावरचं कुठलं साधन वापरायचं, रात्रपाळीच्या डॉक्टरांना समजावायचं कसं, लेखात याची उत्तरं असतात पण आपल्या वॉर्डाच्या भाषेत नसतात. आमच्या संघटनेचा अतिदक्षता गट दर पंधरवड्याला संध्याकाळी ऑनलाइन भेटतो. तिथे सहा आठवडे आम्ही हाच एक विषय घेतला. प्रत्येकीने आपल्याकडचा एक रुग्ण आणायचा, ओळख काढून, आणि गणित सगळ्यांसमोर करायचं. तिसऱ्या आठवड्यात माझं गणित चुकलं. एका तरुण मुलाने हळूच सांगितलं, "मॅडम, इन्फ्युजनचा वेळ, म्हणजे औषध शिरेतून जायला लागतो तो, धरला नाहीत." ते ऐकून मला बरं वाटलं. माझ्या रुग्णालयात ही चूक पकडणारं कुणी नव्हतं.

दुसरं काम म्हणजे प्रमाणित तीव्रता. नॉरअ‍ॅड्रेनलिन, इन्सुलिन, हेपरिन, यांचं डायल्यूशन, म्हणजे किती पातळ करायचं ते, प्रत्येक रुग्णालयात वेगळं, कधी एकाच रुग्णालयाच्या दोन आयसीयूत वेगळं. रुग्ण एकीकडून दुसरीकडे हलवला की पंपाचा वेग तोच राहतो आणि डोस बदलतो. एएसएचपीने यासाठी देशभर एकच ठरावीक तीव्रता वापरण्याची मोहीम चालवली आहे. आमच्या गटाने त्याच धर्तीवर आपल्यापुरता तक्ता केला. ओळ न ओळ भांडून ठरवली. तो तक्ता आज माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

शेवटचं वर्ष

मी अजून विद्यार्थी आहे, यंदा इंटर्नशिप. विद्यार्थ्याने सभासद होण्यात अर्थ आहे का? की नोकरी लागल्यावर बघावं? आमच्या वर्गात सगळे म्हणतात प्रमाणपत्रासाठी व्हा.

डिस्चार्ज काउंटर

आत्ताच हो. विद्यार्थ्यांची वर्गणी बहुतेक ठिकाणी कमी असते आणि तुझ्याकडे आत्ता आहे तेवढा वेळ नंतर राहणार नाही.

काय काय असतं सांगते. रुग्णकथेवर आधारलेल्या स्पर्धा असतात: एका रुग्णाची पूर्ण माहिती देतात, त्यातून औषधांच्या अडचणी शोधायच्या आणि परीक्षकांपुढे उपाय मांडायचे. मार्गदर्शक मिळतो, म्हणजे दहा-पंधरा वर्षं काम केलेली एखादी व्यक्ती महिन्यातून एकदा तुझ्याशी बोलते. एएसएचपीच्या डिसेंबरमधल्या अधिवेशनात तर रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण, देणारी रुग्णालयं आपापली टेबलं मांडून बसतात आणि विद्यार्थी थेट जाऊन विचारतात. ती संघटना 1942 पासूनची आहे, त्यामुळे त्यांची घडी बसलेली. लहान संघटनेत हे नसेल, पण पोस्टर मांडायची संधी जवळपास सगळीकडे असते.

पोस्टरचं मी माझंच सांगते. सुट्टी मिळून घरी जाणाऱ्या रुग्णांची औषधं मी देते. संधिवाताच्या एका आजींच्या कागदावर मेथोट्रेक्सेट रोज एकदा असं लिहिलेलं होतं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर अस्थिमज्जा बंद पडते, जीव जाऊ शकतो. मी फोन केला, डॉक्टरांनी लगेच दुरुस्त केलं. त्या दिवसापासून एक वही घातली. कागदावरची दुरुस्ती झाली की एक ओळ: तारीख, औषध, काय चुकलं होतं, कुणी मान्य केलं. बास, चार रकाने. तीन महिन्यांनी ती वही संघटनेतल्या मार्गदर्शक मॅडमना दाखवली. त्या म्हणाल्या, "हा अभ्यास आहे, तुला माहीत नाही एवढंच." सारांश लिहायला त्यांनी शिकवलं, नैतिक समितीची परवानगी कशी मागायची ते सांगितलं, चार वेळा खोडून परत पाठवलं. अधिवेशनात पोस्टरसमोर दोन तास उभी होते. येणारा प्रत्येक जण मेथोट्रेक्सेटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणत होता, "आमच्याकडेही."

आता आमच्या संगणकात ते औषध रोज म्हणून टाकलं की प्रणाली अडवते. व्यवस्थापनाने ते बसवलं तेव्हा त्या पोस्टरचीच प्रत जोडलेली होती.

तू उद्यापासून वही घाल. विषय नंतर सापडेल.

शेवटचं वर्ष

खूप आभार ताई. वही आजच घेतली.

वॉर्डातली सिस्टर

मी फार्मासिस्ट नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

पहाटपाळीताईंच्या ट्रेमधले अँप्यूल. ते सिस्टरच्या हाताने रुग्णाला गेले असते आणि आयुष्यभर तिच्या मनावर राहिलं असतं. तुमच्या बैठकांना आम्हालाही बोलवा. डायल्यूशनचा तक्ता तुम्ही ठरवता, पण रात्री तीन वाजता अंधुक उजेडात औषध भरणारी आम्ही. अक्षर किती मोठं हवं, लाल पट्टी डोळ्यांना दिसते की नाही, हे आम्ही सांगू.

अतिदक्षता

सिस्टर, शंभर टक्के मान्य. आमच्या तक्त्यात रंग तुमच्याच सहकाऱ्यांनी बदलायला लावले.

युरोपातल्या रुग्णालयीन फार्मासिस्टांच्या संघटनांचा जो महासंघ आहे, ईएएचपी, 1972 मध्ये स्थापन झालेला, त्यांनी 2014 मध्ये रुग्णालयीन औषधसेवेची 44 विधानं ठरवली. ती ठरवताना फक्त फार्मासिस्टांनी मत दिलं नाही. डॉक्टरांच्या, परिचारिकांच्या आणि रुग्णांच्या संघटनांनाही मताचा अधिकार होता. मला ते फार पटलं. आणि नुसती विधानं करून थांबले नाहीत. एका देशातल्या फार्मासिस्टाने दुसऱ्या देशातल्या रुग्णालयात जाऊन एखादी पद्धत प्रत्यक्ष बघून यायची, अशी योजनाही त्यांनी चालवली. शेजारच्या रुग्णालयात एक दिवस जाऊन बसण्याची सोय आपल्या संघटनेने करून दिली तरी केवढं शिकता येईल.

दोनदा सोडलेला

वाचतो आहे. डिस्चार्ज काउंटरची वही आणि अतिदक्षताचा गट, हे जर माझ्या वेळी असतं तर मी सोडलं नसतं. हे मोकळेपणाने लिहितो.

पण एक प्रश्न राहतो आणि त्यावर कुणी बोललेलं नाही. वेळ. तीन फार्मासिस्ट असलेल्या ठिकाणी एक जण दोन दिवस अधिवेशनाला गेला की उरलेल्या दोघांनी चोवीस तास ओढायचं. मग जातो कोण? मोठ्या रुग्णालयातले. उपसमितीत बसतं कोण? तेच. आणि तक्ते बनतात मोठ्या रुग्णालयांना सोयीचे. व्हँकोमायसिनची पातळी मोजायची सोयच ज्यांच्याकडे नाही त्यांचं काय? छोट्या ठिकाणचा माणूस आत आल्याशिवाय हे बदलणार नाही, आणि त्याला आत यायला रजा मिळत नाही.

जुना सभासद

हा प्रश्न खरा आहे आणि याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. जे थोडं जमलंय ते सांगतो.

आमच्या उपसमितीने बैठका ऑनलाइन आणि रात्री साडेआठला केल्या. ध्वनिमुद्रण ठेवतो. प्रत्येक उपसमितीत किमान दोन जागा लहान रुग्णालयांतल्या लोकांसाठी राखल्या, त्यासाठी सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्ती करून घेतली. एक वर्ष गेलं त्यात. अधिवेशनासाठी प्रवास अनुदान आहे, पण ते कमी पडतं.

रजेसाठी दुसरी वाट म्हणजे कागद. व्यवस्थापन तुमच्या माझ्या म्हणण्यावर हलत नाही, छापील कागदावर हलतं. औषधनिर्मात्यांचा जागतिक महासंघ, एफआयपी, 1912 पासून आहे. त्यांच्या रुग्णालय विभागाने 2008 मध्ये बाझेलला जगभरातल्या प्रतिनिधींना बोलावून रुग्णालयीन औषधसेवा कशी असावी याची विधानं ठरवली. पुढे ती सुधारली, आता 65 आहेत. त्यात तीव्र इलेक्ट्रोलाइटबद्दल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडसारख्या क्षारांच्या द्रावणांबद्दल, स्पष्ट लिहिलंय: सुरक्षित, वेगळ्या जागी, ठळक लेबल लावून ठेवा, आणि जमेल तिथे रुग्णाला थेट देता येईल अशा, पातळ केलेल्या स्वरूपात द्या. पहाटपाळीताई, हे पान छापा आणि तुमच्या प्रशासकांच्या टेबलावर ठेवा. "मला वाटतं" असं म्हणू नका, "जगभरच्या रुग्णालयीन फार्मासिस्टांनी हे ठरवलंय" असं म्हणा. संघटनेच्या अध्यक्षांचं पत्र जोडून घ्या. मी दोन रुग्णालयांसाठी असं पत्र मिळवून दिलंय, दोन्हीकडे कपाट वेगळं झालं.

साठा-नोंदवही

एक भर. तुटवडा. औषध बाजारातून गायब झालं की आम्ही एकेका वितरकाला फोन लावत बसतो, आणि बदली औषध वेगळ्या तीव्रतेचं आलं की चुका होतात. एएसएचपी आणि युटा विद्यापीठातली औषध माहिती सेवा मिळून 2001 पासून तुटवड्याची यादी ठेवतात: कुठलं औषध, कारण काय, पर्याय काय. आपल्या संघटनेने खरेदी बघणाऱ्यांचा नुसता एक संदेशगट जरी केला तरी माझे आठवड्यातले कितीतरी तास वाचतील. हे काम मी घ्यायला तयार आहे. अर्ज भरतोय.

पहाटपाळी

मंडळी, पाच आठवड्यांनी परत आले. उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमा करा, पण मधल्या काळात बरंच घडलं.

आधी दोनदा सोडलेला दादांचं आणि जुना सभासद यांचं ऐकून इतिवृत्त आणि जमाखर्च मागितला. चार दिवसांत आला. कंपन्यांचा पैसा वेगळा दाखवलेला होता आणि विषय सभासदांच्या मतांनी ठरतात असं लिहिलेलं होतं. मग अर्ज भरला.

औषध सुरक्षा उपसमितीच्या पहिल्या बैठकीत मी त्या दोन अँप्यूलबद्दल बोलले. आवाज कापत होता. बोलून झाल्यावर थोडा वेळ कुणीच काही म्हणालं नाही, मग एकेक जण सांगायला लागला. बारा जणांपैकी सात जणांकडे हेच, किंवा याच्या अगदी जवळचं. कुणाकडे कॅल्शियम आणि पोटॅशियम शेजारी, कुणाकडे दोन वेगळ्या कंपन्यांचे अँप्यूल एकाच निळ्या रंगात. एका मॅडमनी व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाचं सांगितलं. ते चुकून मणक्यात गेलं तर रुग्ण वाचणं जवळजवळ अशक्य, म्हणून सिरिंजऐवजी छोट्या पिशवीतून द्यावं असं जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्येच सांगितलंय, आणि त्यांच्याकडे ते लागू व्हायला केवढी वर्षं झगडावं लागलं. मी इतकी वर्षं हे सगळं एकटीचं समजत होते.

प्रशासकांना बाझेलचं पान आणि अध्यक्षांचं पत्र दिलं. पोटॅशियम सगळ्या साध्या वॉर्डांतून परत आलं. आयसीयूत कुलूपबंद डब्यात आहे, लाल पट्टी लावून. पट्टीची रुंदी सिस्टरांनी ठरवली. अजून ऑपरेशन थिएटर बाकी आहे, तिथे बोलणी चालू आहेत.

आता उपसमितीने मला एक काम दिलंय. सारख्या दिसणाऱ्या अँप्यूल आणि व्हायलच्या जोड्यांचा छायाचित्रसंग्रह. 17 सप्टेंबरच्या रुग्ण सुरक्षा दिनाला तो सगळ्या सभासद रुग्णालयांना पाठवायचा आहे आणि उत्पादकांनाही लेखी कळवायचं आहे. जोडी शेजारी शेजारी ठेवा, पांढरा कागद खाली, लेबल पूर्ण दिसू दे, रुग्णालयाचं नाव, शिक्का काही दिसू नये. सोबत एक ओळ: कुठल्या कप्प्यात सापडलं. सभासद नसाल तरी चालेल, इथेच मला निरोपातून पाठवा.

वॉर्डातली सिस्टर

आमच्या क्रॅश कार्टमध्ये, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाडीत, एक जोडी आहे, डोपामिन आणि डोब्युटामिन. आज रात्रपाळी आहे, काढून पाठवते.

दोनदा सोडलेला

माझ्याकडून तीन जोड्या पाठवल्यात. चौथी फ्रीजमध्ये आहे, इन्सुलिनच्या दोन व्हायल. ती सकाळी उजेडात काढतो. आणि ताई, त्या अर्जाचा नमुना मलाही पाठवा.